पेल्व्हिसच्या अस्थिभंगाची शस्त्रक्रिया आणि तिच्यातील गुंतागुंती : रुग्णाच्या नातेवाइकांसाठी मार्गदर्शन

दुचाकीवरून फेकला गेलेला, बांधकामाच्या परांचीवरून कोसळलेला किंवा कोकणात नारळाच्या झाडावरून पडलेला रुग्ण रुग्णालयात आणला जातो, एक्स-रे निघतो आणि थोड्याच वेळात नातेवाइकांना सांगितले जाते की पेल्व्हिस मोडले आहे, ऑपरेशन करावे लागेल, संमतिपत्रावर सही करा. हात किंवा पाय मोडला म्हणजे पुढे काय होणार याचा अंदाज बहुतेक घरांना असतो. पेल्व्हिसच्या बाबतीत तो नसतो. हा मजकूर सही करणाऱ्या त्या माणसासाठी लिहिला आहे. अस्थिशल्यचिकित्सेत काम करताना एक गोष्ट वारंवार दिसते, ती अशी की नातेवाईक हाडाबद्दल भरपूर प्रश्न विचारतात, पण रक्तस्राव, लघवी, पायातील ताकद आणि शिरांतील गुठळी यांबद्दल क्वचितच विचारतात. या दुखापतीत रुग्ण वाचणार की नाही आणि वाचल्यावर कसा जगणार हे बरेचसे याच चार गोष्टींवर ठरते.

कोणते हाड, आणि ते कसे मोडते

पेल्व्हिस, म्हणजे श्रोणी, हे एक हाड नाही. डाव्या आणि उजव्या बाजूचे मोठे पसरट हाड आणि मागच्या बाजूला त्या दोहोंच्या मध्ये बसलेली त्रिकास्थी, जिला डॉक्टर सॅक्रम म्हणतात, यांचे मिळून एक वलय तयार होते. पुढे ही दोन्ही हाडे कूर्चेच्या सांध्याने जोडलेली असतात आणि मागे दोन्ही बाजूंना ती त्रिकास्थीशी सांधलेली असतात. या वलयाला बळकटी हाडांच्या आकाराने येत नाही, ती अस्थिबंधांमुळे, म्हणजे हाडे एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्यांमुळे येते, आणि त्यांतले सर्वांत मजबूत अस्थिबंध मागच्या बाजूला असतात. काचेची बांगडी सहसा एकाच जागी तुटत नाही, तसेच हे वलय पुढे मोडले तर मागेही कोठेतरी इजा झालेली असण्याची शक्यता बरीच असते. म्हणून एक्स-रेमध्ये फक्त पुढची बारीक हाडे मोडलेली दिसत असतानाही डॉक्टर सीटी स्कॅन करायला सांगतात, आणि तो खर्च अनावश्यक समजू नये.

दुखापतीचा जोर कोणत्या दिशेने आला यावरून तिचे प्रकार पाडले जातात. बाजूने धडक बसली तर वलय आत दाबले जाते. समोरून किंवा मागून जोर आला तर ते पुस्तकासारखे उघडते. उंचावरून पायावर पडल्यास एक बाजू वर सरकते. उघडलेल्या आणि वर सरकलेल्या प्रकारांत रक्तस्राव अधिक होण्याची भीती असते. उपचार ठरवताना मात्र डॉक्टरांच्या मनातला मुख्य प्रश्न एकच असतो: वलय स्थिर आहे की अस्थिर, आणि अस्थिर असेल तर ते केवळ फिरते आहे की वरखालीही सरकते आहे.

रुग्णालयात पोहोचेपर्यंत

श्रोणीच्या आतल्या बाजूला, त्रिकास्थीच्या पुढे, शिरांचे दाट जाळे असते. हाडे सरकली की ते फाटते. अशा दुखापतीतील बहुतांश रक्तस्राव या शिरांमधून आणि मोडलेल्या हाडाच्या पृष्ठभागातून होतो. धमनी फाटण्याचे प्रमाण त्या मानाने कमी असते, पण धमनी फाटली तर वेळ फार थोडा मिळतो. हे रक्त बाहेर दिसत नाही. पोटाच्या मागच्या पोकळीत काही लिटर रक्त साठू शकते, आणि प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण रक्त साधारण पाच लिटरच असते. त्यामुळे जखम दिसत नाही म्हणून रुग्ण ठीक आहे, असे धरून चालू नये.

अपघाताच्या जागी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णाला बसवू किंवा उभे करू नये. कंबर सरकते का हे पाहण्यासाठी दोन्ही बाजूंनी दाबून किंवा हलवून बघण्याची सवय काही प्रथमोपचार करणाऱ्यांना असते, ती घातक आहे, कारण नुकतीच धरू लागलेली रक्ताची गाठ त्या हालचालीने सुटते. रुग्णवाहिकेत पेल्व्हिक बाइंडर, म्हणजे श्रोणीभोवती आवळून बांधायचा रुंद पट्टा, असेल तर कर्मचारी तो बांधतील. नसेल तर साधी चादर चालते, पण ती योग्य जागी बांधली पाहिजे.

ही जागा नीट समजून घ्यावी. पँटच्या बाजूच्या खिशाच्या पातळीवर, मांडीच्या बाहेरच्या अंगाला हाडाचा एक टणक उंचवटा हाताला लागतो. चादरीची सुमारे वीतभर रुंद घडी त्या उंचवट्यावरून गेली पाहिजे. बहुतेक जण ती वर, पट्टा बांधतो त्या जागी बांधतात, आणि तेथे बांधल्यास उघडलेले वलय मिटत नाही, उलट पोट दाबले जाते. आधी रुग्णाच्या खिशातला मोबाइल, किल्ल्या, पाकीट काढून घ्यावे, नाहीतर त्याच वस्तू घट्ट चादरीखाली कातडीत रुततात. मग गुडघ्यांच्या मागच्या पोकळीतून चादर सरकवून हळूहळू वर घ्यावी, म्हणजे कंबर उचलावी लागत नाही. दोघांनी दोन बाजूंनी सारख्या जोराने टोके ओढावीत, पुढे एकमेकांवरून नेऊन गाठ मारावी. दोन्ही गुडघे मध्ये मऊ कापड ठेवून एकत्र बांधावेत आणि पावले किंचित आतल्या बाजूला वळलेली ठेवावीत. बाहेर वळलेले पाय सरळ झालेले दिसले की थांबावे; त्याहून अधिक आवळण्याची गरज नसते, आणि बाजूने दाबल्या गेलेल्या दुखापतीत अति आवळणे अपायकारक ठरते.

रुग्णालयातील पहिले काही तास

आपत्कालीन विभागात सुरुवातीला हाडाकडे कोणी फारसे पाहत नाही असे वाटले, तरी ते योग्यच आहे. श्वास, रक्तदाब, पोटातील आणि छातीतील रक्तस्राव आणि डोक्याची दुखापत यांना आधी प्राधान्य दिले जाते. रक्त गोठलेले राहावे म्हणून ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे औषध दिले जाते. ४० देशांतील २० हजारांहून अधिक जखमींवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या औषधाने मृत्यू कमी होतात असे दिसले. पुढील विश्लेषणातून हेही स्पष्ट झाले की ते पहिल्या तीन तासांतच द्यावे, उशिरा दिल्यास फायद्याऐवजी अपाय संभवतो. म्हणून अपघात नक्की किती वाजता झाला हे डॉक्टरांना सांगणे हे नातेवाइकांचे काम आहे, आणि ‘दुपारी कधीतरी’ हे उत्तर पुरेसे नाही. रुग्ण ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफेरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल तर तेही न विचारता सांगावे.

रक्ताची गरज मोठी असते, आणि केवळ लाल पेशींच्या पिशव्या पुरत नाहीत. प्लाझ्मा आणि प्लेटलेटही त्याबरोबर लागतात. आलेल्या मंडळींपैकी जे धडधाकट आहेत त्यांना लगेच रक्तपेढीत पाठवावे. रक्त आणि बाइंडर देऊनही रक्तदाब सावरत नसेल तर दोन मार्ग उरतात. एकात ओटीपोटाच्या खालच्या भागात छेद घेऊन, पोटाचा पडदा न उघडता, श्रोणीच्या पोकळीत निर्जंतुक कापडाच्या घड्या घट्ट भरल्या जातात आणि एक-दोन दिवसांनी त्या काढल्या जातात. दुसऱ्यात मांडीच्या धमनीतून नळी घालून रक्त वाहणारी धमनी आतूनच बंद केली जाते. दुसरी सोय मोठ्या शहरांतील मोजक्या रुग्णालयांत असते. ती आपल्या रुग्णालयात आहे का हे पहिल्याच तासात विचारावे, कारण रुग्णाला हलवायचे असेल तर तो निर्णय लवकर झालेला बरा.

लघवीच्या नळीबद्दल एक सूचना आहे. मूत्रमार्गाच्या तोंडाशी रक्ताचा थेंब दिसत असेल, रुग्णाला लघवी होत नसेल किंवा अंडकोषाच्या भागात काळेनिळे पडले असेल, तर नळी आंधळेपणाने आत सारणे टाळले जाते, कारण अर्धवट फाटलेला मूत्रमार्ग त्याने पूर्ण तुटू शकतो. आधी मूत्रमार्गात रंगद्रव्य सोडून एक्स-रे घेतला जातो आणि गरज पडल्यास ओटीपोटातून थेट मूत्राशयात नळी बसवली जाते. ही पोटातली नळी पाहून घरचे घाबरतात. ती बहुधा तात्पुरती असते.

कागदोपत्री बाबी थोडक्यात सांगतो. अपघाताची एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायचे प्रकरण) अशी नोंद झाली आहे का ते पाहावे. रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्र सरकारने ५ मे २०२५ रोजी अधिसूचित केलेल्या विनारोकड योजनेत नियुक्त रुग्णालयांत अपघाताच्या तारखेपासून ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत उपचार मिळतात. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनाही आहे. संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी गाठावे. ऑपरेशन झाल्यावर धावपळ करण्यात अर्थ नसतो.

ऑपरेशन कधी लागते आणि कधी नाही

स्थिर दुखापत असेल, म्हणजे पुढचे बारीक हाड मोडलेले पण मागचे अस्थिबंध शाबूत, तर वेदनाशामक औषधे देऊन रुग्णाला काही दिवसांत वॉकरने चालवले जाते. पुढच्या सांध्यातील अंतर एरवी चार-पाच मिलिमीटर असते. ते अडीच सेंटिमीटरहून जास्त झाले असेल तर अस्थिबंध फाटले आहेत असे मानून ते वलय पुन्हा मिटवावे लागते. मागचा भाग सरकला असेल, एक बाजू वर गेली असेल किंवा त्रिकास्थी उभी मोडली असेल, तर शस्त्रक्रियेवाचून बहुधा चांगला पर्याय नसतो. पूर्वी अशा रुग्णांना पायाला वजन लावून महिनोनमहिने झोपवून ठेवत. त्यातून शय्याव्रण, न्यूमोनिया, गुठळ्या आणि आखूड राहिलेला पाय असे सारे सोसावे लागे.

वयस्कर लोकांची गोष्ट वेगळी आहे. घरातल्या घरात घसरून पडलेल्या सत्तरीच्या आजींच्या एक्स-रेमध्ये पुढे लहानशी भेग दिसते, पण मागे कंबरेत कळ येऊन त्या उठूच शकत नाहीत. अशा वेळी ठिसूळ झालेल्या त्रिकास्थीतील मोड एक्स-रेत बऱ्याचदा सुटते आणि सीटी किंवा एमआरआयमध्ये सापडते. औषधांनी चार-सहा दिवसांत चालता आले तर ऑपरेशन नको; नाही आले तर छोट्या छेदातून स्क्रू घालून लवकर उभे करणे हे अंथरुणावर पडून राहण्यापेक्षा सुरक्षित ठरते. आणि हाड जोडले तरी ऑस्टिओपोरोसिसचा, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याच्या विकाराचा उपचार सुरू केला नाही तर पुढचे हाड मोडायला फार काळ लागत नाही. डिस्चार्जच्या कागदावर त्या उपचाराचा उल्लेख नसेल तर विचारून घ्यावा.

ऑपरेशनमध्ये काय करतात

रुग्ण अस्थिर असताना पहिल्याच दिवशी बाहेरून लावला जाणारा एक्स्टर्नल फिक्सेटर हा तात्पुरता उपाय आहे: दोन्ही बाजूंच्या हाडांत पिना घालून त्या बाहेर दांड्यांनी जोडतात. तो पुढचा भाग धरतो; मागचा भाग पूर्णपणे सरकला असेल तर एकट्या फिक्सेटरने काम भागत नाही. कायमची जोडणी रक्तदाब स्थिर झाल्यावर, रक्तातील लॅक्टेट (शरीराला रक्तपुरवठा अपुरा पडल्यावर वाढणारा घटक) उतरल्यावर आणि शरीराचे तापमान व रक्त गोठण्याची क्रिया सुधारल्यावर केली जाते. हे कधी दुसऱ्या दिवशी जमते, कधी आठवडा जातो. डॉक्टर उगाच थांबले आहेत असे वाटणे स्वाभाविक आहे, पण थंड पडलेल्या, रक्त कमी असलेल्या शरीरावर लांबलचक शस्त्रक्रिया करणे अधिक धोक्याचे असते. उलट तीन आठवडे उलटून गेले तर हाडे सरकलेल्या स्थितीतच धरू लागतात आणि ती जागेवर आणणे फार अवघड होते. त्यामुळे पैशांची जमवाजमव किंवा दुसरे मत यासाठी वेळ घ्यायचा असेल तर तो पहिल्या आठवड्यातच घ्यावा.

पुढचा सांधा उघडला असेल तर ओटीपोटाच्या खाली, सिझेरियनच्या छेदासारखा आडवा छेद घेऊन प्लेट आणि स्क्रू बसवतात. या भागात हाडाच्या आतल्या कडेवरून दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी एक वाहिनी जाते, जिला शल्यचिकित्सक कोरोना मॉर्टिस म्हणतात. ती नकळत कापली गेली तर तिचे टोक आत ओढले जाते आणि रक्त थांबवणे जिकिरीचे होते. म्हणून ती आधी शोधून बांधली जाते. प्लेटच्या जागी काही वेळा इन्फिक्स, म्हणजे दोन्ही बाजूंच्या हाडांतील स्क्रूंना कातडीखालून जोडणारी दांडी, वापरतात. त्यात मोठा छेद टळतो, पण मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा येऊ शकतो, क्वचित मांडीच्या मुख्य मज्जातंतूवर दाब येतो, आणि साधारण तीन महिन्यांनी तो काढावा लागतो.

मागच्या बाजूचे काम अधिक नाजूक असते. नितंबाच्या बाजूला सेंटिमीटरभराचा छेद घेऊन, सी-आर्म या ऑपरेशन चालू असतानाच एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर पाहत, आधी एक बारीक तार आणि मग तिच्यावरून पोकळ स्क्रू श्रोणीच्या हाडातून त्रिकास्थीत नेला जातो. बाहेरून पाहिले तर जखम इतकी लहान असते की ‘एवढ्यासाठी इतका खर्च?’ असा प्रश्न हमखास येतो. पण तारेला जाण्यासाठी हाडात जी वाट असते तिच्या पुढे पाचव्या कंबर-मणक्याचा मज्जातंतू आणि मोठ्या रक्तवाहिन्या असतात, तर मागे आणि खाली त्रिकास्थीच्या छिद्रांतून बाहेर पडणाऱ्या नसा असतात. काही अंशांची चूक झाली तरी तार हाडाबाहेर जाते. म्हणून प्रत्येक टप्प्यावर यंत्र तीन निरनिराळ्या कोनांत फिरवून चित्र पाहिले जाते: वरून, खालून आणि बाजूने. आतड्यात वायू साचला असेल किंवा आधीच्या सीटीचे रंगद्रव्य राहिले असेल तर हे चित्र धूसर येते. ऑपरेशनच्या आदल्या रात्री एनिमा देतात, त्यामागे हेही एक कारण असते. काही माणसांच्या त्रिकास्थीची घडण जन्मतःच वेगळी असते आणि वरच्या मणक्यात स्क्रूला पुरेशी जागा नसते. तेव्हा त्याखालच्या, त्रिकास्थीच्या दुसऱ्या मणक्यात तो घातला जातो. सरकलेले हाड आधी जागेवर आणले नाही तर ही वाट आणखी अरुंद होते. ‘आतून जोडायचे आहे की फक्त स्क्रू घालायचा आहे’ यापेक्षा ‘हाड जागेवर किती आणता येईल’ हा प्रश्न विचारावा, असे मला वाटते.

त्रिकास्थी उभी मोडून एक बाजू वर गेली असेल तर केवळ स्क्रू टिकत नाहीत. तेव्हा कंबरेच्या मणक्यांपासून श्रोणीच्या हाडापर्यंत दांडी बसवून वजन त्या वाटेने नेले जाते. ही जोडणी बळकट असते, पण पाठीवर मोठा छेद लागतो आणि त्या जागची कातडी दुखापतीत आधीच चेचलेली असते.

गुंतागुंती : कोणत्या, आणि त्या कशा ओळखाव्यात

मज्जातंतूंपासून सुरुवात करतो, कारण येथेच सर्वाधिक गैरसमज होतात. ऑपरेशननंतर पायाचा अंगठा वर उचलता येत नाही असे लक्षात आले की घरचे शस्त्रक्रियेला दोष देतात. पण त्रिकास्थी मोडते तेव्हा नसांना इजा अपघाताच्या क्षणीच झालेली असू शकते. त्रिकास्थीच्या बाहेरच्या भागात मोड असेल तर हे प्रमाण कमी असते, छिद्रांमधून मोड गेली असेल तर वाढते, आणि मध्यभागातून गेली असेल तर निम्म्याहून अधिक रुग्णांत नसांची इजा आढळते. म्हणून ऑपरेशनपूर्वी शुद्धीत असलेल्या रुग्णाला अंगठा आणि पाऊल वर करायला, मग पाऊल खाली दाबायला सांगावे, तळपायाला आणि गुदद्वाराभोवती स्पर्श कळतो का हे डॉक्टरांनी तपासले आहे ना ते पाहावे, आणि ते कागदावर लिहिले आहे का याची खात्री करून घ्यावी. ऑपरेशननंतर तीच तपासणी पुन्हा व्हावी. आधी हलणारे पाऊल नंतर हलेनासे झाले तर तातडीने सीटी करून स्क्रूची जागा पाहावी लागते. तो चुकीच्या जागी असेल तर लवकर काढलेला बरा. आधीपासूनच कमजोरी असेल तर बऱ्याचदा काही महिन्यांत सुधारणा होते, पण ती पूर्ण होईलच असे नाही.

दुसरी मोठी गुंतागुंत शिरांतील गुठळीची. श्रोणीच्या मोडीत, प्रतिबंधक उपाय न केल्यास, अर्ध्याहून अधिक रुग्णांच्या पायांत किंवा श्रोणीतील शिरांत गुठळ्या होतात असे तपासण्यांत आढळले आहे. त्यांतल्या अनेक बाहेरून कळतही नाहीत. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर अचानक दम लागतो, छातीत कळ येते, माणूस घामाघूम होतो किंवा भोवळ येऊन कोसळतो, आणि यात मृत्यूही येऊ शकतो. रक्तस्राव आटोक्यात आल्यावर, साधारण एक-दोन दिवसांत, पोटाच्या कातडीत हेपॅरिन गटातील इंजेक्शने सुरू केली जातात आणि ती किंवा त्याऐवजीच्या गोळ्या घरी गेल्यावरही काही आठवडे चालू राहतात. ही औषधे महाग वाटतात म्हणून मध्येच बंद केली जातात, हे मी पाहत आलो आहे, आणि माझ्या मते या सगळ्या उपचारात काटकसर करण्याची सर्वांत वाईट जागा तीच आहे. पोटरी सुजली, दुखू लागली तर तेल लावून चोळू नये. मालिशवाल्याला किंवा हाडवैद्याला घरी बोलावण्याची आपल्याकडे पद्धत आहे. गुठळी असलेली पोटरी चोळल्याने ती सुटून वर जाऊ शकते. तेवढ्यासाठी रुग्णालयात जाऊन डॉपलर तपासणी, म्हणजे शिरांची सोनोग्राफी करून घ्यावी.

जंतुसंसर्गाचा धोका मधुमेह, स्थूलपणा आणि तंबाखू यांनी वाढतो. तंबाखूमध्ये मिश्री आणि गुटखाही आलाच, आणि त्याने हाड जुळायलाही उशीर होतो. याखेरीज एक खास दुखापत सांगितली पाहिजे. धडक तिरकी बसली तर मांडीच्या वरच्या बाहेरच्या बाजूची कातडी वरून अखंड राहते, पण आतल्या आवरणापासून सुटते आणि त्या पोकळीत रक्त आणि पाझर साठतो. ती जागा मऊ, हलणारी लागते, वरची कातडी बधिर असते आणि काही दिवसांनी काळपट पडते. येथूनच छेद घ्यायचा असेल तर जंतुसंसर्गाची भीती मोठी, म्हणून डॉक्टर आधी ती जागा साफ करतात किंवा छेदाची जागा बदलतात. गुदमार्ग किंवा योनीमार्ग फाटून मोड बाहेरच्या जंतूंच्या संपर्कात आली असेल तर परिस्थिती आणखी गंभीर होते. तेव्हा शौचाची वाट तात्पुरती पोटावर काढावी लागते. हे ऐकून घरातली माणसे हादरतात, पण विष्ठा जखमेपासून दूर ठेवली नाही तर रुग्ण सेप्सिसने, म्हणजे शरीरभर पसरलेल्या जंतुसंसर्गाने दगावू शकतो.

स्क्रू तुटणे किंवा प्लेट सैल होणे याची बातमी फार मोठी वाटते, पण तिचा अर्थ जागेवर अवलंबून असतो. पुढच्या सांध्यात थोडी हालचाल कायम राहते, म्हणून तेथील स्क्रू काही महिन्यांनी तुटलेले दिसणे नवलाचे नाही. दुखत नसेल आणि अंतर वाढत नसेल तर काहीच करावे लागत नाही. मागचे स्क्रू पहिल्या काही आठवड्यांत मागे सरकू लागले तर मात्र ते दुर्लक्षण्यासारखे नसते, विशेषतः त्रिकास्थीची उभी मोड असेल तर. हाड वर सरकलेल्या स्थितीत जुळले तर पाय आखूड राहतो, बसताना एका बाजूवर भार येतो आणि कंबरदुखी जन्माची सोबत होते. ते नंतर सुधारण्याची शस्त्रक्रिया मूळ शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी अवघड असते.

वॉर्डात आणि घरी

बाइंडर चोवीस तासांहून अधिक राहिला तर त्याखालची कातडी मरू शकते. तो कधी काढणार हे विचारत राहावे. टाचा आणि कंबरेचा मागचा भाग रोज डोळ्यांनी पाहावा. कुशीवर वळवताना दोघा-तिघांनी एकाच वेळी, शरीर न पिळता वळवावे, आणि ते डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच. पहिल्या काही दिवसांत पोट फुगते आणि शौचाला होत नाही. वेदनाशामके आणि पोटामागे साठलेले रक्त या दोन्हींमुळे हे होते. उलट्या सुरू झाल्या किंवा पोट टणक झाले तर लगेच सांगावे.

मोडलेल्या बाजूवर पूर्ण वजन टाकण्याची परवानगी साधारण सहा ते बारा आठवड्यांनी मिळते. तोपर्यंत वॉकर घेऊन त्या बाजूचे पाऊल जमिनीला फक्त टेकवायचे असते. दोन्ही बाजू मोडल्या असतील तर पलंगावरून चाकाच्या खुर्चीत आणि परत, एवढीच हालचाल. भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवे बसणे आणि जेवायला मांडी घालणे या काळात बंद, म्हणून रुग्ण घरी येण्यापूर्वी कमोडची खुर्ची आणावी आणि पलंगाची उंची गुडघ्याइतकी आहे ना ते पाहावे. वरच्या मजल्यावर लिफ्ट नसलेले घर असेल तर त्याची सोय डिस्चार्जच्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी ठरवावी. अंथरुणावर असतानाही पावले वरखाली हलवत राहणे, पोटऱ्या आवळणे, खोल श्वास घेणे हे व्यायाम तासातासाला करून घ्यावेत.

ताप आणि जखमेतून पाझर, नव्याने आलेला बधिरपणा, लघवी अडणे, पोटरीची सूज किंवा दम लागणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

काही महिन्यांनंतर

मूत्रमार्ग फाटलेल्या पुरुषांत नंतर तो अरुंद होतो आणि लघवीची धार बारीक होत जाते. त्याची दुरुस्ती साधारण तीन महिन्यांनी मूत्ररोगतज्ज्ञ करतात. या दुखापतीनंतर पुरुषांत ताठरतेचा अभाव आणि स्त्रियांत संभोगाच्या वेळी वेदना या तक्रारी खूप आढळतात. त्या कोणी विचारत नाही आणि रुग्णही सांगत नाही. डॉक्टरांनी विषय काढला नाही तर रुग्णाने स्वतः काढावा. नसा किंवा रक्तवाहिन्यांची इजा, वेदना आणि मनाची धास्ती यांपैकी कारण कोणते हे पाहून उपचार होऊ शकतात.

तरुण स्त्रीच्या बाबतीत सासर-माहेर दोन्हीकडून येणारा प्रश्न बाळंतपणाचा असतो. श्रोणी नीट जुळली असेल तर गर्भधारणेला अडचण नसते, आणि प्लेट किंवा स्क्रू आहेत एवढ्याच कारणासाठी सिझेरियन करावे लागत नाही. अशा स्त्रियांत सिझेरियनचे प्रमाण जास्त आढळते हे खरे, पण त्याचा काही भाग डॉक्टरांच्या आणि कुटुंबाच्या सावधगिरीचा आहे. हाड वाकडे जुळून आतली वाट अरुंद झाली असेल तर गोष्ट निराळी. जुना सीटी आणि ऑपरेशनचा कागद स्त्रीरोगतज्ज्ञांना गरोदरपणाच्या सुरुवातीलाच दाखवावा.

बसवलेले धातू काढावेत का, हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण वर्षभराने विचारतात. इन्फिक्स आणि बाहेरचा फिक्सेटर काढावाच लागतो. कंबरेच्या मणक्यापासून श्रोणीपर्यंत बसवलेली दांडी कातडीखाली टोचत असेल किंवा हालचालीला अडथळा करत असेल तर हाड जुळल्यावर काढतात. पुढची प्लेट आणि मागचे स्क्रू त्रास देत नसतील तर ते तसेच राहू द्यावेत, कारण ते काढण्याच्या शस्त्रक्रियेतही त्याच रक्तवाहिन्या आणि त्याच नसा जवळ असतात. धातू टायटेनियमचा की स्टीलचा हे डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्यावे आणि पुढे कधी एमआरआय करायचा झाल्यास तो कागद सोबत न्यावा.